स्मॉलटाउन बॉय

स्मॉलटाउन बॉय हे ब्रॉन्स्की बीट या ब्रिटिश सिंथपॉप गटाचे इ.स. १९८४ मधील गाणे आहे. जिमी सॉमरव्हिल, स्टीव्ह ब्रॉन्स्की आणि लॅरी स्टाइनबाखेक या गटाच्या तिन्ही सदस्यांनी ते मिळून रचले, तर त्याची निर्मिती माइक थॉर्न यांनी केली. मे १९८४ च्या अखेरीस लंडन रेकॉर्ड्स या कंपनीमार्फत ते गटाचे पहिले सिंगल, म्हणजे स्वतंत्रपणे विकली जाणारी ध्वनिमुद्रिका, म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निघालेल्या ‘द एज ऑफ कन्सेंट’ या अल्बममध्येही त्याचा समावेश आहे. लहान गावात वाढलेला, समलिंगी असल्यामुळे छळ आणि एकाकीपणा सोसणारा एक किशोर घर सोडून जातो, हा गाण्याचा विषय आहे. ब्रिटनच्या लोकप्रियता-क्रमवारीत हे गाणे तिसऱ्या स्थानापर्यंत पोहोचले. पौगंडावस्थेतील मुलाची लैंगिक ओळख आणि तिच्यापायी त्याला मोजावी लागणारी किंमत हा विषय सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत नेणाऱ्या आरंभीच्या गाण्यांमध्ये त्याची गणना होते.

पार्श्वभूमी

सिंथेसायझर हे वाद्य मध्यवर्ती ठेवून रचलेल्या लोकप्रिय संगीताला सिंथपॉप म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सिंथेसायझर पूर्वीपेक्षा स्वस्त आणि आटोपशीर झाले. सिक्वेन्सर या उपकरणात स्वरांचा क्रम साठवून तो हव्या त्या लयीत आपोआप वाजवून घेता येऊ लागला आणि तालवाद्यांची जागा ड्रम मशीन घेऊ लागले. त्यामुळे गिटार, बेस आणि ड्रम वाजवणारे चार-पाच वादक जमवण्याची गरज उरली नाही. दोन-तीन तरुण एका खोलीत बसून पूर्ण गाणे उभे करू शकत होते. ब्रॉन्स्की बीट हा अशाच प्रकारे उभा राहिलेला गट होता.

जिमी सॉमरव्हिल यांचा जन्म २२ जून १९६१ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. स्टीव्ह ब्रॉन्स्की हेही ग्लासगोचेच होते. त्यांचे मूळ आडनाव फॉरेस्ट. लॅरी स्टाइनबाखेक हे इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील साउथएंड-ऑन-सी या गावचे. तिघेही तरुण वयात लंडनला आले. तेथे त्यांची ओळख झाली आणि १९८३ मध्ये गट स्थापन झाला. तिघेही समलिंगी होते व ही गोष्ट त्यांनी आरंभापासून उघडपणे सांगितली.

गटाच्या स्थापनेमागे एका माहितीपटाचाही वाटा आहे. ‘फ्रेम्ड यूथ: द रिव्हेंज ऑफ द टीनेज पर्व्हर्ट्स’ हा माहितीपट लंडनमधील समलिंगी मुलामुलींनी १९८३ मध्ये स्वतःच तयार केला. तो तयार करणाऱ्यांमध्ये सॉमरव्हिल होते. त्यासाठी त्यांनी ‘स्क्रीमिंग’ हे गीत गायले. पुढे ते गटाच्या पहिल्या अल्बममध्येही आले. समलिंगी तरुणांविषयी इतरांनी बोलण्याऐवजी त्यांनी स्वतः बोलावे, ही या माहितीपटामागील भूमिका ‘स्मॉलटाउन बॉय’मध्येही दिसून येते.

तत्कालीन कायदा

या गाण्यातील मुलाची परिस्थिती नीट समजण्यासाठी त्या काळातील ब्रिटिश कायदा माहीत असणे आवश्यक आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ च्या लैंगिक गुन्हे कायद्याने दोन पुरुषांमधील परस्परसंमतीचे खासगी संबंध गुन्ह्यांच्या यादीतून वगळले. मात्र त्यासाठी दोघांचेही वय किमान २१ वर्षे असणे बंधनकारक होते. स्त्री-पुरुष संबंधांसाठी ही मर्यादा १६ वर्षांची होती. स्कॉटलंडला १९६७ चा कायदा लागू नव्हता. तेथे १९८० च्या कायद्याने हा बदल झाला आणि तो १९८१ पासून अमलात आला. उत्तर आयर्लंडमध्ये तो १९८२ मध्ये झाला. वयाची अट तिन्ही ठिकाणी २१ वर्षांचीच राहिली.

याचा अर्थ असा की, सॉमरव्हिल आणि ब्रॉन्स्की यांचे सारे किशोरवय अशा प्रदेशात गेले, जेथे त्यांच्यासारख्या पुरुषांचे संबंध कोणत्याही वयात गुन्हाच ठरत होते. हे गाणे प्रसिद्ध झाले तेव्हा सॉमरव्हिल यांना तेविसावे वर्ष पूर्ण व्हायचे होते. कायद्याने घालून दिलेली वयोमर्यादा ओलांडून त्यांना दोन वर्षेही झाली नव्हती. गाण्यातील मुलाने अठराव्या वर्षी लंडन गाठले असते, तर तेथे त्याला मतदान करता आले असते, विवाहही करता आला असता. परंतु दुसऱ्या पुरुषाशी जवळीक केल्यास तो आणखी तीन वर्षे कायद्याने गुन्हेगार ठरला असता.

अल्बमच्या ‘द एज ऑफ कन्सेंट’ या नावाचा शब्दशः अर्थ ‘संमतिवय’ असा होतो. मराठी वाचकाला हा शब्द १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामुळे परिचित आहे. तो वाद बालवधूंच्या संरक्षणाविषयी होता. येथे मात्र प्रश्न वेगळा आहे: एकाच देशातील दोन तरुणांना, केवळ त्यांची ओढ कोणाकडे आहे यावरून, वेगवेगळी वयोमर्यादा का असावी? अल्बमच्या आतील आवरणावर युरोपातील निरनिराळ्या देशांत समलिंगी पुरुषांसाठी असलेल्या संमतिवयाची यादीच छापली होती. मुखपृष्ठावर गुलाबी त्रिकोण होता. नाझी राजवटीत छळछावण्यांमधील समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर ही खूण लावली जात असे. पुढे समलिंगी हक्कांच्या चळवळीने तीच आपले बोधचिन्ह म्हणून स्वीकारली. अमेरिकेतील प्रारंभीच्या आवृत्तीतून संमतिवयाची यादी वगळण्यात आली होती.

आशय

गाण्याचे कथानक थोडक्यात सांगता येते. सकाळची वेळ, वारा आणि पाऊस, रेल्वेचा फलाट आणि मोजक्या सामानानिशी निघालेला एक मुलगा. मुलगा का गेला, हे आईला उमगणार नाही. त्याला हवे होते ते प्रेम त्या घरात मिळणे शक्य नव्हते. गावात तो नेहमीच एकटा पडत आला, इतरांकडून ढकलला आणि हिणवला गेला; पण त्याने आपले अश्रू कोणाला दिसू दिले नाहीत. ध्रुवपदात घर सोडून दूर जाण्याची एकच क्रिया पुन्हा पुन्हा येते.

मुलगा समलिंगी आहे, असे गाण्याच्या शब्दांत कोठेही म्हटलेले नाही. त्याच्या वेगळेपणाला नाव दिलेले नाही, छळणाऱ्यांचीही ओळख सांगितलेली नाही आणि गावाचा नामोल्लेखही नाही. या मौनाचे दोन परिणाम झाले. पहिला असा की, घर किंवा गाव सोडावे लागलेल्या कोणालाही हे गाणे आपले वाटू शकले. दुसरा परिणाम आशयाशी निगडित आहे. अशा मुलाला घरात स्वतःविषयीचा तो एक शब्दच उच्चारता येत नसतो. गाण्यातही तो उच्चारलेला नाही. ज्यांना तो कळायचा होता, त्यांना तो कळला.

मात्र हे मौन केवळ शब्दांपुरते होते. गाण्यात जे सूचित केले, ते चित्रफितीत दाखवले गेले, गटाने मुलाखतींमधून स्पष्टपणे सांगितले आणि अल्बमच्या आवरणावर तर त्यासंबंधीचा कायदाच छापला. त्यामुळे गाणे समजून घेताना या चारही गोष्टींचा एकत्रित विचार करावा लागतो.

कथनपद्धतीचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षणीय आहे. निवेदक मुलाला उद्देशून बोलतो. तो स्वतःचीच गोष्ट दुसऱ्याची म्हणून सांगत आहे की पुढे निघून गेलेला कोणी थोरला मागून येणाऱ्या मुलाशी बोलत आहे, हे संदिग्ध राहते. त्यामुळे छळाच्या वर्णनातही दयेऐवजी सोबतीचा भाव जाणवतो. सॉमरव्हिल यांचे ग्लासगो हे मोठे औद्योगिक शहर आहे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. शीर्षकातील ‘लहान गाव’ हे नकाशावरील एखादे ठिकाण असण्यापेक्षा प्रत्येकाची दुसऱ्यावर नजर असणारी आणि लपायला जागा नसणारी वस्ती होय.

संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण

निर्माते माइक थॉर्न यांना या प्रकारच्या संगीताचा अनुभव होता. सॉफ्ट सेल या गटाचे १९८१ मधील ‘टेन्टेड लव्ह’ हे गाजलेले गाणे त्यांनीच निर्मिलेले होते. सिंक्लेव्हियर या संगणकाधारित सिंथेसायझरचा ते नियमितपणे वापर करीत. ‘स्मॉलटाउन बॉय’च्या ध्वनिमुद्रणातही या वाद्याचा उपयोग झाला.

गाण्याचा आरंभ संथ आहे. दीर्घ, उदास स्वरसमूहांवर सॉमरव्हिल यांचा उंच आवाज शब्दांविना तरंगत येतो. त्यानंतर सिंथेसायझरची लहानशी, पुन्हा पुन्हा येणारी स्वरावली सुरू होते आणि पाठोपाठ ड्रम मशीनचा जलद, एकसारखा ठेका जोडला जातो. पुढील सर्व भाग नृत्यगृहात वाजवता येईल अशा गतीचा आहे. गाण्याचे स्वरवळण करुण, तर ताल नाचायला लावणारा, असा हा मेळ आहे. डिस्को संगीतात तो पूर्वीपासून होता आणि गटाने त्या परंपरेचे ऋण मान्य केले होते. डोना समर यांचे ‘आय फील लव्ह’ हे गीत त्यांनी पहिल्याच अल्बममध्ये गायले आणि १९८५ मध्ये मार्क आल्मंड यांच्यासह त्याची स्वतंत्र आवृत्तीही काढली.

ठेक्याची ही अविरत गती कथानकालाही पोषक ठरते. गाण्यातील मुलगा प्रवासाला निघालेला आहे आणि रुळांवरून धावणाऱ्या गाडीप्रमाणे यंत्राची लय कोठेही रेंगाळत नाही. नृत्यगृहांसाठी काढलेल्या बारा इंची तबकडीवरील आवृत्ती सुमारे नऊ मिनिटांची आहे.

गाण्याची खरी ओळख म्हणजे सॉमरव्हिल यांचा आवाज. पुरुषाच्या नैसर्गिक बोलण्याच्या पट्टीपेक्षा बऱ्याच वरच्या पट्टीत लावलेल्या अशा आवाजाला फॉल्सेटो म्हणतात. पौगंडावस्थेत मुलाचा आवाज फुटतो आणि त्याने ‘पुरुषी’ बोलावे अशी अपेक्षा सुरू होते. ज्या उंच आवाजावरून एखाद्या मुलाची शाळेत टिंगल होऊ शकते, त्याच आवाजात त्या मुलाची कथा येथे गायली आहे. यंत्रनिर्मित, थंड वाटणाऱ्या स्वरांच्या पार्श्वभूमीवर हा आवाज अधिकच उघडा आणि असुरक्षित वाटतो.

चित्रफीत

गाण्याची चित्रफीत बर्नार्ड रोज यांनी दिग्दर्शित केली. तीत सॉमरव्हिल यांनी मुलाची भूमिका केली आहे, तर ब्रॉन्स्की आणि स्टाइनबाखेक त्याचे मित्र झाले आहेत. आगगाडीच्या डब्यात बसलेला मुलगा गतघटना आठवतो, अशी तिची मांडणी आहे. जलतरण तलावावर त्याला सूर मारणारा एक तरुण आवडतो. मित्रांच्या आग्रहावरून तो त्याच्याशी बोलायला जातो, तेव्हा झिडकारला जातो. पुढे तोच तरुण आपल्या टोळीसह मुलाला गल्लीत गाठून मारहाण करतो. पोलीस त्याला घरी आणून सोडतो आणि जी गोष्ट मुलाने घरी सांगितली नव्हती, ती आईवडिलांना अशा रीतीने कळते.

निरोपाच्या प्रसंगात आई मुलाला जवळ घेते. वडील त्याला पैसे देतात. पण त्याने पुढे केलेला हात हातात घेत नाहीत. चित्रफितीतील हा प्रसंग विशेष स्मरणात राहिला आहे. मुलाला उघड्या हातांनी बाहेर काढण्याइतके हे वडील निष्ठुर नाहीत, तथापि त्याला स्पर्श करणे मात्र त्यांना जमत नाही. शेवटी गाडीत त्याचे दोन मित्र त्याच्यासोबत असतात आणि तिघे लंडनच्या दिशेने जातात. गाण्याच्या शब्दांत मुलगा एकटाच निघून जातो. चित्रफितीने त्याला सोबत दिली आहे.

तिघांचे राहणीमान अगदी साधे दाखवले आहे: बारीक कापलेले केस, जीन्स, साधी जाकिटे. त्या काळात बॉय जॉर्ज यांच्यासारखे गायक रंगभूषेमुळे व स्त्रीसदृश वेषामुळे प्रसिद्ध होते. ब्रॉन्स्की बीटचे सदस्य शेजारच्या घरातील मुलांसारखे दिसत. समलिंगी मुलगा कोणत्याही घरात असू शकतो, ही गोष्ट त्या साधेपणामुळे अधिक ठळक झाली.

प्रतिसाद

ब्रिटनमध्ये तिसऱ्या स्थानापर्यंत पोहोचलेल्या या गाण्याने नेदरलँड्स आणि बेल्जियम येथे पहिले स्थान मिळवले. ऑस्ट्रेलियात ते आठव्या क्रमांकावर गेले. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या मुख्य यादीत त्याची मजल ४८ व्या स्थानापर्यंत गेली. मात्र तेथील नृत्यगृहांच्या यादीत ते अग्रस्थानी होते. त्यापाठोपाठ आलेले ‘व्हाय?’ हे सिंगल ब्रिटनमध्ये सहाव्या आणि अल्बम चौथ्या स्थानापर्यंत पोहोचला.

हे यश ज्या काळात मिळाले, तो काळ अनुकूल नव्हता. एड्सच्या साथीविषयीची भीती वाढत होती आणि समलिंगी पुरुषांबद्दलचा आकस तिच्यामुळे तीव्र झाला होता. जानेवारी १९८४ मध्ये बीबीसीने फ्रँकी गोज टू हॉलिवूड या गटाचे ‘रिलॅक्स’ हे गाणे अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली होती. त्याच वर्षाच्या मध्यावर ‘स्मॉलटाउन बॉय’ मात्र बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमातून घरोघरी पोहोचले. ‘रिलॅक्स’मध्ये कामभावनेचा जल्लोष होता. ‘स्मॉलटाउन बॉय’मध्ये आक्षेप घेण्यासारखा एकही शब्द नव्हता, होता तो घर सोडणाऱ्या मुलाचा एकाकीपणा. जो विषय एरवी घरात निघाला नसता, तो या गाण्यामुळे कुटुंबातील सर्वांसमोर आला.

गटाने गाण्यातून मिळालेल्या प्रसिद्धीचा उपयोग सार्वजनिक कार्यासाठीही केला. १९८४-८५ मधील खाणकामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी लंडनमधील समलिंगी कार्यकर्त्यांनी १० डिसेंबर १९८४ रोजी कॅमडेन येथील इलेक्ट्रिक बॉलरूममध्ये ‘पिट्स अँड पर्व्हर्ट्स’ ही मैफल भरवली. तीत ब्रॉन्स्की बीट हा प्रमुख गट होता. मैफलीतून पाच हजार पौंडांहून अधिक निधी जमला. या घटनांवर आधारित ‘प्राइड’ हा चित्रपट २०१४ मध्ये प्रदर्शित झाला.

नंतरचा काळ

सॉमरव्हिल १९८५ मध्ये गटातून बाहेर पडले आणि त्यांनी रिचर्ड कोल्स यांच्यासह द कम्युनार्ड्स हा गट स्थापन केला. ब्रॉन्स्की बीटने जॉन फॉस्टर या नव्या गायकासह काम चालू ठेवले. लॅरी स्टाइनबाखेक यांचे डिसेंबर २०१६ मध्ये, तर स्टीव्ह ब्रॉन्स्की यांचे डिसेंबर २०२१ मध्ये निधन झाले.

कायद्यातील बदल सावकाश झाला. १९८८ मध्ये आलेल्या ‘कलम २८’ या तरतुदीने स्थानिक स्वराज्य संस्थांना समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करण्यास मनाई केली आणि त्यामुळे शाळांमध्ये या विषयावर बोलण्याचीच धास्ती निर्माण झाली. गाण्यातील मुलासारख्या विद्यार्थ्याला शिक्षकाकडे मन मोकळे करणे तेव्हा १९८४ पेक्षाही कठीण झाले. ही तरतूद स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि इंग्लंड व वेल्समध्ये २००३ साली रद्द झाली. समलिंगी पुरुषांसाठीचे संमतिवय १९९४ मध्ये १८ वर्षांवर आले. २००० च्या कायद्याने ते इतरांच्या बरोबरीने आणले गेले आणि तो कायदा जानेवारी २००१ मध्ये अमलात आला. अल्बमच्या आवरणावर छापलेल्या मागणीची पूर्तता होण्यास याप्रमाणे सोळा वर्षांहून अधिक काळ लागला.

वारसा

गाण्याची पुनर्निर्मिती अनेकांनी केली आहे. स्टीव्ह अँजेलो आणि अ‍ॅक्सवेल यांनी सुपरमोड या नावाने २००६ मध्ये काढलेले ‘टेल मी व्हाय’ हे नृत्यगीत ‘स्मॉलटाउन बॉय’ आणि ‘व्हाय?’ या दोन गाण्यांच्या एकत्रीकरणातून तयार झाले आहे. ब्रँडन फ्लॉवर्स यांनी २०१५ मधील ‘आय कॅन चेंज’ या गाण्यात ‘स्मॉलटाउन बॉय’मधील ध्वनीचा अंश वापरला. रोबिन कांपियो यांच्या ‘१२० बीट्स पर मिनिट’ या २०१७ मधील फ्रेंच चित्रपटात आर्नो रेबोतिनी यांनी केलेली त्याची नवी आवृत्ती आहे. १९९० च्या दशकारंभी पॅरिसमध्ये एड्सविरोधी लढा देणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांची कथा हा चित्रपट सांगतो.

गाण्याला तीस वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने सॉमरव्हिल यांनी २०१४ मध्ये त्याची केवळ पियानोच्या साथीवरील संथ आवृत्ती ध्वनिमुद्रित केली. त्याच सुमारास बर्लिनमध्ये रस्त्यावर हे गाणे गाणाऱ्या एका कलावंताच्या शेजारी उभे राहून ते त्याच्याबरोबर गाऊ लागले, त्या प्रसंगाची ध्वनिचित्रफीत आंतरजालावर मोठ्या प्रमाणात पाहिली गेली. ड्रम मशीनचा ठेका काढून टाकल्यावर पियानोवरील आवृत्तीत पलायनाची घाई उरत नाही. मूळ गाणे बावीस वर्षांच्या तरुणाने नुकत्याच मागे टाकलेल्या अनुभवाविषयी गायले होते. पन्नाशी ओलांडलेल्या गायकाच्या आवाजात तेच शब्द आता फलाटावर उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणा मुलाला उद्देशून असल्यासारखे ऐकू येतात.